थोरलीची टोपली

१

देवळाच्या गाभाऱ्यात थोरलीची टोपली जमिनीवर पडली होती. मुखवटा चोरीला गेल्याच्या बातमीपेक्षा देसाक रास्मिनीला त्या टोपलीचीच जास्त शिसारी आली.

थोरली म्हणजे वनसारीच्या राजवाड्याचा, रांग्दा या उग्र राक्षसदेवीचा मुखवटा. सुळे बाहेर, जीभ छातीपर्यंत, डोळे खोबणीतून निघालेले. जिवंत झाडाला हात जोडून मागितलेल्या लाकडातून कोरलेला आणि मंत्रांनी जागा केलेला. गावात त्या मुखवट्याचं नाव कोणी घेत नसे, नुसतं थोरली म्हणत. तिची टोपली कायम माणसाच्या डोक्यापेक्षा उंच असायची. एरवी भांडणात एकमेकांची डोकी फोडणारी माणसंही तिच्या खालून जाताना मान तुकवायची. आणि आता ती टोपली, चपला काढून ठेवाव्यात तशी, खाली फरशीवर होती.

"कोणी हात लावला?" देसाकनं विचारलं.

"कोणीच नाही. सकाळी दार उघडलं तर हे असं." पुजारी जेरो मांकू म्हणाला. "कुलूप शाबूत आहे. एक किल्ली माझ्या कमरेला, दुसरी चोकोर्दांच्या कपाटात."

चोकोर्दा ओका, म्हणजे वनसारीचे राजे, चाफ्याखाली उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगावर रेशमी धोतर, नाकाला रुमाल.

"पोलीस नकोत, देसाक. तीन दिवसांवर देवळाचा उत्सव आला. पाहुणे उतरलेत."

"पोलीस नकोत, पण पोलिसासारखं कोणीतरी हवं, म्हणून मला बोलावलंत."

देन्पासारच्या पोलिसांत तीस वर्षं काढून देसाक दोन वर्षांपूर्वी गावी परतली होती. त्याआधी, अकरा वर्षांची असताना, ती याच वाड्याच्या दगडी चौकात अनवाणी लेगोंग नाचायची. त्या आठवणीपायी ती आली होती, नाहीतर राजांच्या निरोपाला तिनं भीक घातली नसती.

टोपलीपुढे एक चनांग ठेवलेलं होतं. नारळाच्या कोवळ्या पानाची चौकोनी डबी, वर चार दिशांना चार रंगांच्या पाकळ्या, शेजारी जळून गेलेली उदबत्ती. चोरानं देवीची माफी मागितली होती. देसाकनं ते उचललं, तसा मांकूनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्याचा नैवेद्य कोणी असा उचलत नाही. तिनं पाकळ्या बाजूला केल्या. खाली केवड्याच्या पानाचा कीस, त्याखाली डबीचा कोरा तळ. पानाच्या कडा स्टेपलरच्या पिनांनी जोडलेल्या होत्या.

मग तिनं टोपलीचं पांढरं अस्तर बाहेर काढलं. एका जागी कापडाचे धागे उपटून निघाले होते आणि तिथं लालसर, चिकट डाग होता.

"हे कधीचं?"

"दोन महिने झाले. पूजेला बाहेर काढली तेव्हा कापड गालाला चिकटलं होतं. मला वाटलं, दमट हवेनं झालं असेल." मांकू एकदम खाली बसला. "देसाक, खरं सांगू? गेलं वर्षभर तिला उचलताना माझ्या अंगावर काटा येत नव्हता. आधी यायचा. मला वाटलं, माझ्याच हातून काही अशुद्ध घडलं. किती उपास केले मी, तुला काय सांगू!"

"रंग कधी दिला होता तिला?"

"तीस वर्षांत नाही. परवा देणार होते. मुखवटे कोरणारा सुआर्दिका येऊन उडालेला जुना रंग खरवडणार, तेवढ्याच जागी नवा देणार. आठ दिवसांपूर्वी ठरलं तसं."

चोकोर्दा खाकरले. "या सगळ्याशी काय करायचंय? चोर ठाऊक आहे. म्हातारा सादिग काल दुपारी देवळाच्या दाराशी बसलेला माळ्यानं पाहिलाय. चार वाजता बंजारची, आपल्या गावकीची, सभा आहे. त्याला वाळीत टाकणार."

देसाकनं वर पाहिलं. सादिगची बायको कार्नी नऊ दिवसांपूर्वी वारली होती, आणि दहनाचा मुहूर्त लागेपर्यंत तिचा देह रिवाजाप्रमाणे घरातच होता. वाळीत टाकलेल्या माणसाच्या घरचा, देह वाहून नेणारा दहनाचा मनोरा गावातला एकही माणूस खांद्यावर घेत नाही. स्मशानही त्याला बंद होतं.

२

राजवाड्याच्या पुढच्या चौकात पाय ठेवताच तळणीचा, डासांच्या फवाऱ्याचा आणि अंगाला फासायच्या मलमांचा मिळून एक वास आला. रोज संध्याकाळी इथं परदेशी पाहुण्यांसाठी 'राजेशाही भोजन आणि नृत्य' असायचं. जुन्या कमळतळ्यात निळं औषध ओतल्यानं कमळं कधीच मेली होती, आता त्यात प्लास्टिकची तरंगत होती. प्रत्येक टेबलावर चनांग मांडलेलं, काटेचमच्यांच्या मधोमध.

सिंहासनावर लालबुंद झालेला एक पाहुणा अर्ध्या चड्डीवर जरीचं उपरणं आणि पत्र्याचा मुकुट घालून बसला होता. त्याची बायको खाली उभी राहून फोटो काढत होती. चोकोर्दांचा मुलगा चोक दर्मा पाहुण्याचा मुकुट सरळ करत होता.

"देसाकबाई! या, या. काय ही वेळ आली आपल्यावर." दर्मा पस्तिशीचा, गुळगुळीत दाढीचा, बोलण्यात साखर. "मला तर रात्रभर झोप नाही."

"चोरी सकाळी कळली ना? मग रात्रभर कशानं?"

तो हसला. "तसं म्हणायची पद्धत असते. पण एक समाधान आहे. चोर आपल्यातलाच आहे, श्रद्धा असलेला. माफीचं चनांग ठेवून गेला. बाहेरच्याला कुठलं सुचणार ते?"

"सादिग?"

"मी कशाला नाव घेऊ? चाळीस वर्षं तो थोरली घालून नाचला. आता वय झालं, यंदा दुसऱ्याला नाचवायचं ठरत होतं. माणसाचं मन बिथरतं. बायको गेली, त्यात हे." त्यानं मान हलवली. दुःख कसं दाखवायचं याचा त्याला चांगला सराव होता.

"लेगोंग किती वेळाचं करता आता?"

"सात मिनिटं. त्याहून जास्त झालं की पाहुणे फोनमध्ये बघायला लागतात."

देसाक पाऊण तास नाचायची. गुरू पाठीमागून तिची कोपरं धरून वळवायचे आणि हात खाली आला की चापट बसायची.  ती रंगपटात शिरली.

आत घामट कपड्यांचा आंबूस वास कोंडला होता. भिंतीवर खेळातले मुखवटे खिळ्यांना टांगलेले. त्यात रांग्दाचे दोन होते, एकाच हातचे, जुळ्या बहिणींसारखे. एकीच्या लाल गालावर पांढरी कापसासारखी लव चिकटलेली. यांना मुखवटा पुसायचंही कळत नाही, असं मनाशी म्हणत ती वळली, आणि दोन पावलांवर थबकली.

तिनं परत जाऊन त्या गालावर बोट टेकवलं. बोट चिकटलं.

३

सादिगच्या अंगणात पाच बाया मांडी घालून दहनाचे नैवेद्य करत होत्या. मागच्या ओट्यावर पांढऱ्या कापडाआड कार्नी होती. सादिग तिच्या पायाशी बसून पंख्यानं माशा हाकत होता.

"काक," देसाकनं आजोबांना मारावी तशी हाक मारली, "काल देवळाशी कशाला गेलात?"

"दाराशी गेलो, आत नाही. सुतक आहे मला." म्हातारा पंखा थांबवेना. "थोरलीला सांगायचं होतं, कार्नी गेली म्हणून. चाळीस वर्षं या बाईनं तिची चनांगं केली. बाहेरूनच सांगितलं आणि आलो."

"गाव म्हणतंय, तुम्हीच नेली."

"म्हणू दे. पण कार्नीला जाळू देतील ना?"

 देसाकनं दुसराच विषय काढला. "गेल्या उत्सवात नाचलात तेव्हा काही वेगळं वाटलं?"

पंखा थांबला. 

"वास नव्हता," तो म्हणाला. "आतून तिला माझाच वास यायचा. चाळीस वर्षांचा घाम, विडा, तोंडाची वाफ. वाईट वास होता, पण तिचा होता. गेल्या वेळी घातली तर दुकानातल्या खुर्चीसारखा वास. अंगात काही आलं नाही. आलंय असं सोंग करून नाचलो, देसाक. देवीपुढे खोटं नाचलो. मला वाटलं, तिनं माझ्याकडे पाठ फिरवली."

"कोणाला सांगितलंत हे?"

"कार्नीला. आणि चोक दर्माला. तो म्हणाला, काक, नाक म्हातारं झालं तुमचं."

 मांकू स्वतःला अशुद्ध समजून उपाशी राहिला, सादिग स्वतःला टाकलेला समजून झुरला, आणि तिसरा कोणीतरी या दोघांच्या सश्रद्धपणाचं पांघरूण घेऊन निवांत झोपला. इतकी घाण देसाकनं देन्पासारच्या कोठड्यांतही पाहिली नव्हती.

ती बायांजवळ येऊन बसली. मुख्य बाई सुकरी, राजवाड्याच्या स्वयंपाकघरातली, पानाच्या डबीत इवलासा विडा ठेवत होती. विड्याचं पान, सुपारी, चुना. मग त्यावर कीस, मग पाकळ्या. डबीच्या कडा बांबूच्या काडीनं टोचलेल्या.

"विडा कधी विसरतो का गं?" देसाकनं विचारलं.

"विसरेल कसा? तोच तर आधी जातो. त्याच्यावर सगळं रचायचं. विड्याशिवाय ते चनांग नाही, नुसती फुलं."

"आणि राजवाड्याच्या टेबलांवरचं?"

सुकरीनं नाक मुरडलं. "त्यात नसतो. कार्नीमावशीचा दंडकच होता. म्हणायची, खरकट्याच्या शेजारी देवाचा विडा जाता कामा नये. टेबलावरचं स्टेपलरनं करा, वरून छान दिसलं की झालं. त्या गिऱ्हाइकांना काय कळतंय!"

देसाक ताडकन उठली. दोन वाजले होते, आणि मुखवटे कोरणारा सुआर्दिका नदीपलीकडे राहत होता.

४

सुआर्दिका पायांच्या पंजात लाकूड धरून तासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"थोरली मी नेली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "परवा तिचा जुना रंग खरवडायला मिळणार होता. डुकराच्या जाळलेल्या हाडाचा रंग, शंभर हात दिलेला. माझ्या आजोबांचं काम. ते बघायला मी वीस वर्षं थांबलोय."

"तो रंग कापडाला चिकटतो का?"

"शंभर वर्षांनीही नाही. काचेसारखा होतो. चिकटतो तो डब्यातला, घाईत दिलेला."

"तुम्ही कधी दिलात डब्यातला?"

आता त्यानं वाकस खाली ठेवली. "सव्वा वर्षापूर्वी, तो मुखवटे जमवणारा परदेशी पाहुणा वाड्यात उतरला होता तेव्हा. चोक दर्मानं खेळासाठी रांग्दाच्या नकला मागितल्या. थोरलीसारख्या हुबेहूब. महिनाभरात पाहिजेत म्हणाला. लाजच वाटली, पण पोरीचं लग्न होतं."

"नकला म्हणजे किती?"

"दोन. एक नेहमी दिसते रंगपटात. दुसरीचं विचारलं तर म्हणाला, जपून ठेवलीय." त्यानं देसाकच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली गेला. "कुठं जपून ठेवली होती?"

"देवळात," देसाक म्हणाली.

सुआर्दिका उठला, अंगणाच्या कडेला गेला आणि ओकला.

५

चारच्या सभेला बंजारचे सगळे पुरुष कट्ट्यावर मांडी घालून बसले होते. बाया कडेनं उभ्या. चोकोर्दा आणि दर्मा मधल्या चटईवर, मांकू त्यांच्या मागे. सादिग सुतकामुळे रस्त्यापलीकडे, एकटा. प्रमुखानं वाळीत टाकायचा ठराव वाचायला घेतला, तशी देसाक पुढे आली. तिच्या हातात दोन चनांगं होती.

"हे चोरानं ठेवलेलं. हे आज राजवाड्याच्या टेबलावरून आणलेलं. सुकरी, दोन्ही उलगड."

सुकरीनं पाकळ्या दूर केल्या. दोन्हीत विडा नव्हता. बायांमध्ये कुजबुज झाली. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले.

"बघा, तुम्हाला काय झालं तेही कळलं नाही," देसाक पुरुषांना म्हणाली. "चोरालाही कळलं नव्हतं. सादिगच्या घरात नऊ दिवस पाच बाया खरी चनांगं करताहेत. त्याला हवं असतं तर हात लांब करून घेतलं असतं. टेबलावरची फुलं उचलायला तो पाहुण्यांच्या चौकात कशाला जाईल? शिवाय जो देवीला इतका भितो की माफी मागतो, तो सुतकात देवळात पाऊल टाकेल का? आणि तिची टोपली फरशीवर ठेवेल?"

"एखादी बाई विसरली असेल विडा," दर्मा म्हणाला. आवाजातली साखर तशीच होती.

"पाया घालायचा विसरून घर बांधता येतं का, चोक?" सुकरी फणकारली.

"जन्मभर चनांगं बघितलीस तू," देसाक त्याला म्हणाली. "एक तरी कधी उचलून आत बघितलंस? वरून छान दिसलं की तुला पुरतं."

"पण मुखवटा गेलाय, तो काय मी खाल्ला?"

"काल गेलेला मुखवटा थोरली नव्हतीच."

 देसाकनं पिशवीतून रंगपटातली रांग्दा काढली, ती लव चिकटलेली. शेजारी टोपलीचं अस्तर पसरलं. मुखवटा पालथा करून तिनं गाल धागे उपटलेल्या जागेवर टेकवला. लव आणि ती जागा, दोन्हींचा आकार तंतोतंत जुळला.

"दोन नकला झाल्या. एक खेळात गेली, दुसरी टोपलीत. खरी त्याच वेळी वाड्यातून गेली. सव्वा वर्षापूर्वी तीन महिने राहून गेलेला तो मुखवटे जमवणारा पाहुणा आठवतो ना? तो गेला आणि तळ्याकाठी चार नवे बंगले उभे राहिले. सगळं सुरळीत होतं. पण आठ दिवसांपूर्वी ठरलं की सुआर्दिका रंग खरवडणार. स्वतःच्या हातची नक्कल त्याला ओळखू आली असती. म्हणून बापाच्या कपाटातली किल्ली घेऊन नक्कल पळवली आणि इतर सोंगांत टांगली. टोपली फरशीवर ठेवताना हात कापला नाही, कारण आत काही नाही हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. आणि नाव कोणावर? ज्यानं वास ओळखला होता त्याच्यावर."

 दर्मा बापाकडे बघत होता, लहानपणी खिडकी फुटल्यावर बघत असेल तसा.

चोकोर्दांनी रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. "झालं ते वाईट झालं," ते शांतपणे म्हणाले. "पण शेवटी लाकूडच ते. उत्सव तीन दिवसांवर आलाय. मोठ्या पुरोहितांकडून याच मुखवट्यावर मंत्र घालून घेऊ. बाहेर कोणाला कळायचं कारण नाही. सादिगला माफ केलं असं लिहा, म्हणजे मिटलं."

"माफ?" देसाक म्हणाली. 

तेवढ्यात मांकू उठला. राजांच्या मागे बसणारा, जन्मात राजांपुढे मान वर न केलेला माणूस. त्यानं कमरेची किल्ली सोडवली आणि चोकोर्दांच्या पुढ्यात, जमिनीवर ठेवली.

"वर्षभर मी एका खेळण्यापुढे उपास केले," तो म्हणाला. "आता तुमचं तुम्ही करा."

तो निघून गेला. मग वादकांचा म्होरक्या उठला, मग नाचणाऱ्या पोरींचे बाप. प्रमुखानं ठरावाचा कागद फाडला आणि कार्नीच्या मनोऱ्याला खांदा कोण कोण देणार एवढंच विचारलं. कट्ट्यावरचे सगळे हात वर गेले. "उद्या पोलिसांत जायचंय, देसाक," तो म्हणाला. "तू बरोबर ये."

६

राजवाड्यावरून परतताना देसाकनं फाटकातून आत पाहिलं. संध्याकाळचे पाहुणे येऊन बसले होते, पत्र्याचे मुकुट डोक्यावर चढवून. समोरची वाद्यं झाकलेलीच होती. वाजवायला कोणी आलं नव्हतं. एक बाई टेबलावरच्या चनांगात सिगारेट विझवत होती. देसाकला थुंकावंसं वाटलं. पण ती जिथं उभी होती तिथंच अकरा वर्षांची असताना तिनं वाकून नमस्कार केला होता, म्हणून तिनं आवंढा गिळला आणि चालू लागली.

सादिगला बातमी कळली होती. तरी त्यानं सगळं तिच्या तोंडून पुन्हा ऐकून घेतलं.

"परत येईल ती?"

"सांगता येत नाही, काक. पाहुण्याचं नाव आहे, देश ठाऊक आहे. कोणाच्या तरी दिवाणखान्यात टांगलेली असेल. वर्षं लागतील. कदाचित नाहीच येणार."

म्हाताऱ्यानं कार्नीच्या पायांवरचं कापड सारखं केलं.

"म्हणजे गेल्या उत्सवाला ती इथं नव्हतीच," तो म्हणाला.

"नव्हती."

"म्हणजे माझ्याकडे पाठ फिरवली नव्हती तिनं." त्याचा चेहरा आक्रसला आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच तो रडला. "हे कार्नीला कळायला हवं होतं गं. जाताना माझीच काळजी करत होती."

देसाकला त्याच्याकडे बघवेना. चोराची आणि राजाची तिला दिवसभर किळस आली होती, ती अजून घशाशी होती आणि लवकर जाणारी नव्हती. ती अंगणात उतरली, रांजणाशी जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, आणि सुकरीशेजारी मांडी घालून बसली. वर्षानुवर्षं तिनं हे काम केलं नव्हतं. सुकरीनं तिच्यापुढे रिकामी डबी सरकवली.

देसाकनं विड्याचं पान घेतलं, त्यावर चुना लावला, सुपारीचा तुकडा ठेवला, घडी घातली आणि आधी तो विडा डबीच्या तळाशी ठेवला.